भिडू टोरांटोत, डाव कोपरखैरण्यात

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेले की लांब गेलेल्या मित्राला नुसता फोन लावून 'काय चाललंय' विचारण्यापेक्षा त्याच्याबरोबर ऑनलाईन एखादा गेम खेळा, गप्पा आपोआप होतात. झालं, इनबॉक्स भरला. बरीचशी पत्रं ठाणे आणि नवी मुंबईतली, आणि त्यात नवल काही नाही, आपल्याकडे कुठल्याही सोसायटीत विचारा, दोन-चार घरांतली पोरं बाहेर गेलेली असतातच. सगळी पत्रं छापता येणार नाहीत म्हणून काही निवडलीत, नावं नेहमीसारखी काढून टाकलीत.

प्रश्न: ताई, आम्ही चौघं कोपरखैरण्याला सिडकोच्या बिल्डिंगांमध्ये एकत्र वाढलो. शाळा सुटली की सेक्टरमधल्या सायबर कॅफेत काउंटर स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम, आणि खिशात पैसे नसले की खुर्चीच्या मागे उभं राहून नुसतं ओरडायचं. आता एक टोरांटोला, एक म्युनिकला, एक पुण्यात हिंजवडीला आणि मी इथेच. ग्रुप आहे पण त्यावर हॅपी बर्थडे आणि फॉरवर्ड सोडून काही नसतं, कॉल लावला तर दहा मिनिटांत गाडी 'बाकी मग?' वर येते. परत खेळायचं ठरवलं, व्हॅलोरंट हा तसलाच गेम टाकला तर बाहेरच्या दोघांबरोबर एकत्र मॅचच लागेना. मग काउंटर स्ट्राइकचा नवा भाग टाकला तर टोरांटोवाला म्हणतो मी ट्रिगर दाबायच्या आधीच मेलेलो असतो. पुण्यातल्याकडे मॅकबुक, त्यावर दोन्ही चालत नाहीत. कुठला गेम घेऊ आणि वेळ कशी जमवू?

उत्तर: गेमचं नंतर बघू, आधी वेळेचं बघू, कारण असे ग्रुप गेम चुकीचा घेतला म्हणून बंद पडत नाहीत, 'कधी भेटायचं' ह्यावरून बंद पडतात. तुम्ही शनिवारी रात्री साडेनऊ धरा, आपल्या इथले. तेव्हा म्युनिकला उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा आणि हिवाळ्यात पाच वाजलेले असतात, टोरांटोला उन्हाळ्यात दुपारचे बारा आणि हिवाळ्यात सकाळचे अकरा. म्हणजे कोणालाच जागरण नाही, कोणाला ऑफिसातून चोरून खेळायला नको. फक्त एक गोम आहे, आपलं घड्याळ वर्षभर जागचं हलत नाही आणि त्यांचं वर्षातून दोनदा हलतं, तेही एकाच दिवशी नाही. कॅनडात मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मागे येताना उलटं, युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि कॅनडा नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. ह्या मधल्या दिवसांत हमखास कोणीतरी एक तास आधी येऊन बसतो, वाट बघतो, चिडतो आणि निघून जातो. ग्रुपवर पिन करून ठेवा की वेळ भारताची धरायची, बाकीच्यांनी आपापलं गणित करायचं.

आणि दर शनिवार म्हणजे दर शनिवार. दोघंच आले तरी खेळायचं, चौथा आला नाही म्हणून रद्द करायचं नाही, कारण एकदा रद्द केलं की पुढच्या शनिवारी 'आज आहे का रे?' असा मेसेज पडतो आणि त्याला कोणी उत्तर देत नाही, माहितीये ना.

आता टोरांटोवाल्याचं. त्याला नेट बदल वगैरे सांगू नका, त्याची काही चूक नाहीये. फायबर केबलमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते टोरांटो सरळ रेषेत अंदाजे साडेबारा हजार किलोमीटर, जाऊन येऊन पंचवीस हजार, म्हणजे जगातला सगळ्यात महागडा प्लॅन घेतला तरी १२५ मिलिसेकंदांच्या खाली पिंग (सिग्नल जाऊन परत यायचा वेळ) येणं शक्यच नाही. त्यात केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते, समुद्राखालून वळसे घेत जाते, मध्ये ठिकठिकाणी उपकरणं असतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा दोनशेच्या पुढेच दिसणार. तुम्ही मात्र कोपरखैरण्यात बसून मुंबईच्या सर्व्हरवर (गेम चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर) खेळताय, म्हणजे दारातच. तुम्ही त्याला कोपऱ्यावरून वाकून बघता आणि गोळी घालता, त्याच्या स्क्रीनवर तुम्ही तेव्हा अजून भिंतीआडच असता. व्हॅलोरंटचं कारण वेगळं, तिथे अकाउंटच त्या त्या देशाच्या रीजनला (विभागाला) बांधलेलं असतं, वेगळ्या रीजनवाले एकत्र पार्टी करू शकत नाहीत. त्यामुळे गोळीबाराचे गेम तुमच्यापुरते सोडून द्या. अगदीच हात शिवशिवत असतील तर युरोपचा सर्व्हर निवडा, तो तुमच्या सगळ्यांच्या मधे पडतो, त्रास प्रत्येकाला थोडा थोडा होईल पण एकट्या टोरांटोवाल्याच्या माथी सगळा येणार नाही. म्युनिकवाला तेवढा मजेत असेल, असू दे.

माझं मत विचाराल तर गेम असा हवा की हाताला काम राहील पण डोकं मोकळं असेल. बायका मटार सोलताना जशा बोलतात ना, तसं बोलणं व्हायला पाहिजे, समोर बसून मुलाखत घेतल्यासारखं नाही. म्हणून मी तुम्हाला पहिल्यांदा स्क्रिबल सुचवेन, ब्राऊजरमध्ये चालतं, काही इन्स्टॉल करायचं नाही, मॅकबुकवर चालतं, फोनवर चालतं, फुकट आहे. एकानं चित्र काढायचं, बाकीच्यांनी ओळखून टाईप करायचं. पण त्याचे तयार शब्द घेऊ नका, प्रायव्हेट रूममध्ये स्वतःचे शब्द टाकायची सोय आहे, तिथे तुमचे टाका. शाळेतल्या सरांची टोपणनावं, कॅफेवाल्याचं नाव, ज्या गॅरेजवाल्याच्या काचा फोडल्यात तो. आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये एकीनं दोन रेघा काढल्या, त्यावर एक डबा आणि दारात एकावर एक डोकी, बस, आणि मेलबर्नवालीनं क्षणात लिहिलं 'ठाणे वाशी लोकल', मग पुढची वीस मिनिटं कोणी चित्रच काढलं नाही, तुर्भ्याला उतरता न आल्यामुळे कोण कुठपर्यंत पुढे गेलं होतं त्याच्याच गोष्टी. हे शब्द इंग्रजी अक्षरांत टाकलेले बरे, देवनागरीत पटापट टाईप करणारा एखादाच असतो आणि मग तोच जिंकतो.

अमंग अस, म्हणजे आपल्यातला लपलेला खुनी ओळखायचा गेम, तोही चांगला आहे, फोनवर फुकट, कॉम्प्युटरवाल्यांबरोबर खेळता येतो, पण त्याला निदान चार जण लागतात आणि चौघांत मजा नाही, एक खून झाला की खेळ संपल्यातच जमा. बायकापोरांना घेतलंत आणि आठ-दहा जण झाले की धमाल, कोण सराईतपणे खोटं बोलतं ते संसाराची इतकी वर्षं झाल्यावर कळतं.

बोलण्यासाठी वेगळा कॉल लावा, व्हॉट्सअॅपचा ग्रुप कॉल किंवा डिस्कॉर्ड (खेळता खेळता बोलायचं अॅप), आणि हेडफोन सगळ्यांनी घालायचे, नाहीतर एकाच्या स्पीकरचा आवाज त्याच्याच माईकमधून परत सगळ्यांना. कोणी दुबईला असेल तर व्हॉट्सअॅपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाहीत, हे इतर वाचकांसाठी. आणि डिस्कॉर्डवर स्क्रीन दाखवता येते, म्हणजे ज्या दिवशी तुम्हा तिघांना मॅकबुकवर न चालणारा एज ऑफ एम्पायर्स लावायची हुक्की येईल त्या दिवशी मॅकबुकवाल्यानं मागे उभं राहून ओरडायचं, त्याला ती सवय आहेच.

प्रश्न: नमस्कार ताई. गेल्या जूनमध्ये आम्ही नौपाड्यातलं भाड्याचं घर सोडून खारघरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. मुलगा नववीत आहे. नव्या शाळेत त्याचं कोणाशी जमलेलं नाही. रोज संध्याकाळी नौपाड्यातल्या जुन्या मित्रांबरोबर बीजीएमआय (पबजीचाच भारतातला अवतार) खेळतो. जेवायला हाक मारली की 'दोन मिनिटं' म्हणतो आणि अर्धा तास उठत नाही. मिस्टर म्हणतात फोन काढून घे, सासूबाई म्हणतात व्यसन लागलंय. मला काही सुचत नाही. खोलीतून त्याचा हसण्याचा आवाज येतो, दिवसभरात तो तेवढाच हसतो.

उत्तर: शेवटचं वाक्य मिस्टरांना आणि सासूबाईंना वाचून दाखवा, माझं उत्तर नंतर.

आधी ते 'दोन मिनिटं' काय प्रकरण आहे ते सांगते. ह्या गेममध्ये शंभरेक जण पॅराशूटनं एका बेटावर उतरतात आणि शेवटी जो ग्रुप जिवंत राहील तो जिंकतो. चौघांचा स्क्वॉड असतो. मोठ्या नकाशावर शेवटपर्यंत टिकलं तर एक मॅच अर्ध्या तासाच्या आसपास जाते, पण दहाव्या मिनिटालाही मरता येतं, म्हणजे मॅच कधी संपेल हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं. मध्येच थांबवायचं बटण नाही, कारण समोर खरी माणसं आहेत. तो उठून पोळी खायला आला तर तिकडे तिघं म्हणणार, पळाला साला, आणि ज्या मुलाकडे सध्या तेवढेच तीन मित्र आहेत त्याला ते परवडणारं नाही. म्हणून मधे हाक मारून उपयोग नाही, वेळ मॅच सुरू व्हायच्या आधी ठरवायची. साडेआठला जेवण असेल तर आठनंतर नवीन मॅच लावायची नाही, एवढा एकच नियम करा आणि तो त्यानं मोडला तरच रागवा. आणि हो, जी मॅच चालू आहे ती पूर्ण होऊ द्या, भाजी परत गरम करता येते.

फोनमध्ये एक गोष्ट बघून घ्या, अकाउंटला त्याचं वय खरं टाकलंय का. अठराच्या खालच्यांना दिवसाला तीन तासांचं बंधन आहे आणि पालकांच्या नंबरवर ओटीपी येतो, पण मुलं जन्मसाल सरळ मोठं टाकून मोकळी होतात. आणि तुमचा यूपीआय त्या फोनवर चालू ठेवू नका, बंदुकीला रंग द्यायला सुद्धा पैसे लागतात तिथे.

आता व्यसनाचं. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंग डिसऑर्डर हा आजार यादीत घेतलाय, जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू आहे, त्यामुळे सासूबाई अगदीच काही वेडं बोलत नाहीयेत. पण तिथे काय म्हटलंय बघा, खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या गोष्टींच्या वर खेळ ठेवणं, आणि नुकसान होतंय हे दिसत असून चालू ठेवणं, आणि हे सगळं साधारणपणे वर्षभर दिसलं पाहिजे. झोप उडालीय का, आंघोळ-जेवण टाळतोय का, एकटाच अनोळखी लोकांबरोबर रात्री दोनपर्यंत खेळतोय का, मित्र ऑनलाईन नसतानाही तसाच खेळतोय का, हे बघा. त्यातलं काही असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पण तुमच्या पत्रावरून मला तरी मुलगा व्यसनी वाटत नाही, एकटा पडलेला वाटतो. फोन काढून घेतलात तर जुने मित्र जातील आणि नवे काही त्याबदल्यात मिळणार नाहीत.

एक गोष्ट आठवते का, २ सप्टेंबर २०२० ला पबजी बंद झालं होतं, मग जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आलं, ते परत जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गेलं आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आलं. त्या मधल्या काळात कितीतरी पोरांचे ग्रुप फुटले आणि कितीतरी टिकले, जे एरवीही एकमेकांच्या घरी जात होते ते टिकले. म्हणून ह्या मुलांना महिन्यातून एखाद्या रविवारी घरी बोलवा. ठाण्याहून पनवेल लोकल पकडली की थेट खारघरला उतरता येतं, नववीतली मुलं येऊ शकतात, नाहीतर कोणाचे तरी बाबा सोडतील. येतील, चौघं एका सोफ्यावर बसून चार फोन काढून तोच गेम खेळतील, तेव्हा प्लीज डोक्याला हात लावू नका, वडापाव आणून द्या. आणि नव्या शाळेतही निम्मा वर्ग हाच गेम खेळत असणार, स्क्वॉडमधला एक जण नाही आला त्या दिवशी वर्गातल्या कोणाला तरी घे असं सुचवून बघा, तुम्ही नका सुचवू खरं तर, त्याच्या मित्रांपैकी कोणाकडून तरी सुचू दे.

प्रश्न: हाय ताई, मी वर्तकनगरची, माझी बेस्ट फ्रेंड कॉलेजसाठी बंगळुरूला गेली. दोघींनी माइनक्राफ्ट (ठोकळ्यांचं आपलं जग बांधायचा गेम) विकत घेतलं, मी मोबाईलवर आणि तिनं लॅपटॉपवर, आता आम्ही एकमेकींना दिसतच नाही. ती म्हणते तिचं जावा आहे. पैसे गेले का?

उत्तर: नाही गेले गं. मोबाईलवर असतं ते बेडरॉक, आणि बेडरॉक आणि जावा हे दोन वेगळे गेम आहेत असंच समज, एकातून दुसऱ्यात जाता येत नाही. पण विंडोज लॅपटॉपवर घेतलं असेल तर २०२२ पासून दोन्ही एकत्रच विकतात, म्हणजे तिच्याकडे बेडरॉक पण आहे, तिनं फक्त लाँचर (गेम सुरू करायचं अॅप) उघडून डावीकडे जावाच्या ऐवजी बेडरॉक निवडायचं. मग दोघींनी मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करा, एकमेकींना फ्रेंड म्हणून घ्या, वर्ल्डच्या सेटिंगमध्ये मल्टिप्लेअर चालू ठेवा. अकाउंटला वय अठराच्या खाली असेल तर पालकांच्या सेटिंगमधून परवानगी द्यावी लागते, बरेचदा गाडी तिथेच अडते. तिच्याकडे मॅक असेल तर मात्र अवघड आहे, मॅकवर बेडरॉक नाही.

अजून एक, वर्ल्ड जिच्या फोनमध्ये बनवलंय ती ऑनलाईन नसेल तर दुसरीला आत जाता येत नाही. रिअल्म्स नावाची दर महिन्याची वर्गणी भरली की वर्ल्ड कायम उघडं राहतं. मी म्हणेन लगेच घेऊ नकोस, आधी महिनाभर बघा दोघींना खरंच वेळ मिळतोय का. मिळत असेल तर घ्या, कारण मग ती झोपलेली असताना जाऊन तिच्या घरासमोर पन्नास कोंबड्या सोडून यायची सोय होते.

प्रश्न: ताई, माझा मित्र आता हैदराबादला असतो, रोज रात्री खेळतो आम्ही, मजा येते पण तो हरायला लागला की आईबहिणीवरून सुरू होतो आणि आमचं घर वन रूम किचन, बाबा बाजूलाच झोपलेले. कळवा.

उत्तर: हेडफोन घे, आज घे. आणि त्याला मॅच चालू असताना सांगू नकोस, तेव्हा ते त्याच्या डोक्यात शिरणार नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी फोन करून सांग की बाबांनी ऐकलं. बाबांनी ऐकलं म्हटलं की भले भले सुधारतात.

प्रश्न: नमस्कार. मी ६९ वर्षांचा, नेरुळला राहतो. नात न्यू जर्सीत, वय आठ. व्हिडिओ कॉलवर आली की 'हाय आबा' म्हणते आणि दोन मिनिटांत पळते. सुनेनं सुचवलं की लूडो खेळा. पण लूडोत पैसे लावतात, आता त्यावर बंदी आहे, असं वाचलं. आम्ही खेळलो तर चालेल का? मला मोबाईलमधलं फार कळत नाही.

उत्तर: काका, बिनधास्त खेळा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांविरुद्ध, मग तो खेळ नशिबाचा असो की हुशारीचा. रमी, पोकर, पैशांचा लूडो, सगळं त्यात आलं. आजोबा-नातीच्या बिनपैशाच्या लूडोला कोणी हात लावलेला नाही. फक्त 'खेळा आणि जिंका' म्हणून रोख रक्कम दाखवणारी जाहिरात किंवा मेसेजमधली लिंक आली तर तिकडे बोट लावू नका, बँकेचा कसलाही तपशील कुठेही भरू नका.

लूडो किंग घ्या. तुम्हाला कदाचित माहीत नसेल, तो बनवणारी गेमेशन ही कंपनी आपल्या नवी मुंबईतलीच, २०१६ मध्ये आला आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घराघरात पोचला. त्यात मित्रांबरोबर खेळा असा पर्याय आहे, तो दाबला की रूम बनते आणि एक कोड येतो, तो कोड सुनेला पाठवायचा, तिनं तिकडे टाकला की नात तुमच्या पटावर. बस एवढंच. पहिल्यांदा शेजारच्या कॉलेजातल्या कोणालातरी बसवा बरोबर. मधे मधे जाहिराती येतात, त्या संपेपर्यंत थांबायचं, फुली दिसली की दाबायची. शक्य असेल तर व्हिडिओ कॉल टॅबवर किंवा काकूंच्या फोनवर लावा आणि खेळ तुमच्या फोनवर, म्हणजे सोंगटी मारल्यावर तिचं तोंड दिसेल, त्यासाठीच तर खेळायचं. आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच म्हणजे तिच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे आठ, हिवाळ्यात सात, शनिवार-रविवारी जमेल.

मोबाईलचा फारच कंटाळा आला तर खरा पट आणा, तसाच एक सून तिकडे आणेल, कॉल लावून प्रत्येकानं आपापला फासा टाकायचा आणि समोरच्याची सोंगटी आपल्या पटावर हलवायची. चिडीचा डाव होईल, होऊ द्या. आणि काका, मुद्दाम हरू नका हो, आठ वर्षांच्या मुलांना ते लगेच कळतं आणि मग परत खेळायला येत नाहीत.

प्रश्न: मी सीवूड्सला राहतो, माझा जिगरी दोस्त मर्चंट नेव्हीत लागला. आधी रोज रात्री त्याच्या घरी टीव्हीवर फुटबॉलचा गेम खेळायचो. आता तो जहाजावर असतो तेव्हा नेट कधी असतं कधी नसतं, असलं तरी मोजून मिळतं, आणि कुठल्या समुद्रात आहे त्याप्रमाणे वेळ बदलते. लाईव्ह काहीच खेळता येत नाही. सहा-सहा महिने काय करायचं?

उत्तर: तुझं कोडं वेगळं आहे. जहाजावरचं नेट उपग्रहावरून येतं. जुन्या पद्धतीचे उपग्रह जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात, सिग्नल वर जाणार, खाली येणार, उत्तर परत वर जाऊन खाली, ह्यातच अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातो. नवीन आहेत ते साधारण साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतात, त्यावर बरंच चांगलं चालतं, पण त्याच्या जहाजावर कुठलं आहे आणि क्रूला डेटा किती देतात ते कंपनीवर. त्यामुळे दोघं एकाच वेळी ऑनलाईन असायलाच पाहिजेत असा कुठलाही गेम तुमच्या कामाचा नाही. फुटबॉल तो घरी येईल तेव्हा.

बुद्धिबळ येतं का दोघांना? थोडं येत असलं तरी चालेल, दोघांना सारखंच वाईट येत असेल तर उत्तमच. लिचेस ह्या बुद्धिबळाच्या साईटवर खातं काढा, पूर्ण फुकट आहे, एकही जाहिरात नाही, आणि तिथे पत्रव्यवहारानं खेळतात तसा प्रकार आहे, एका चालीला किती दिवस द्यायचे ते आधीच ठरवायचं, चौदा दिवसांपर्यंत देता येतात. तुम्ही चौदाच ठेवा. डेटा नावाला लागतो. त्यानं सिंगापूरला पोचल्यावर घोडा काढला, तू रात्री जेवून झाल्यावर विचार करून उंट लावलास, मग तो ड्युटीवर, चार दिवस शांतता, मग एकदम चाल येते आणि सोबत दोन ओळी, इथे पाऊस आहे, चीफ इंजिनीअर डोकं खातोय वगैरे. चालीबरोबर त्याच खिडकीत मेसेज लिहिता येतो, त्यात लिहायची सवय लावून घ्या, नाहीतर नुसतीच प्यादी सरकत राहतील. कॉल करून 'कसा आहेस' विचारलं की आपली पोरं 'मजेत' एवढंच म्हणतात, चालीखाली मात्र खरं काय ते लिहितात, का ते देव जाणे.

दोन-तीन डाव एकदम चालू ठेवा, एकात अडकला तर दुसऱ्यात चाल करायला सोपं पडतं. नेट अजिबातच नसेल आणि घरच्यांशी सॅटेलाईट फोनवर किंवा कंपनीच्या ईमेलवर चार ओळी बोलता येत असतील तर लिचेसची पण गरज नाही, ई दोन ई चार एवढंच लिहून पाठवलं तरी चाल कळते. तू घरी एक पट मांडून ठेव, त्याच्या केबिनमध्ये चुंबकवाला छोटा पट मावतो, लाटांनी सोंगट्या घसरत नाहीत. आईला सांगून ठेव की तो पट पुसायला घ्यायचा नाही, केर काढताना हलवायचा नाही.

त्याची चाल आठवडाभर आली नाही तर रुसून बसू नकोस, बंदरात माल चढ-उतार चालू असला की त्यांना झोपायला वेळ नसतो. आणि पांढरी सोंगटी त्याला घेऊ दे, पहिली चाल तो विमानतळावर बसून करू शकेल, जॉइन व्हायच्या आधीच डाव सुरू झालेला बरा.